थांबामिस्त्री आणि बारा पेट्या

सकाळी साडेसातला, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत मिस्त्रींना कळलं की आपण नालायक आहोत. तसं मोबाइलवर लिहूनच आलं होतं.

बारा घरांच्या ओळीचा तो ग्रुप. लिहिणारे नऊ नंबरचे निवृत्त पोस्टमास्तर. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण हातातला शिक्का काही सुटला नव्हता. "मिस्त्रींनी सर्व्हिसिंग केल्यापासून ओळीतील सर्व हीट पंप गार हवा फेकत आहेत. सबब हलगर्जीपणाची गंभीर नोंद घेण्यात येत आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता कंपनीचा माणूस पाहणी करील. यापुढे ओळीतील कोणत्याही मशीनला मिस्त्रींनी हात लावू नये, असा प्रस्ताव त्याच वेळी मांडला जाईल."

खाली सात अंगठे. मिस्त्रींनी चष्मा लावून एकेक अंगठा कुणाचा ते पाहिलं. सहावा त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा होता.

"अहो, चहा गार होतोय," बायको म्हणाली.

"होऊ दे. या घरात दुसरं काय होतंय?"

ते मात्र खरं होतं. बारा नंबरचं ते घर खुद्द मिस्त्रींचं, आणि मिस्त्री तिथे स्वेटरवर स्वेटर चढवून, कानाला मफलर गुंडाळून बसले होते. सव्वीस वर्षं लोकांची घरं उबदार करणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात काकडत होता. बरं, कारण ठाऊक नव्हतं असंही नाही. भिंतीपलीकडचे चार स्क्रू काढले की काम फत्ते. पण ते चार स्क्रू काढायची छाती नव्हती, आणि ती का नव्हती हे कळायला थोडं मागे जायला हवं.

मिस्त्री आधी फ्रिज दुरुस्त करायचे. मग ओळीत हीट पंप आले आणि ते त्यांकडे वळले. हे मशीन बाहेरच्या गार हवेतूनही ऊब ओढून घरात आणतं, हे ऐकून लोक पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसले होते. "थंडीत कुठली आलीय ऊब? दगडातून दूध काढाल एक दिवस!" मिस्त्री म्हणायचे, "तुमच्या फ्रिजच्या मागे हात लावून बघा. तो आतली ऊब बाहेर टाकतो ना? हा बाहेरची आत टाकतो. एवढंच." लोकांना पटलं नाही, पण पाय गरम झाले, आणि गरम पायांचा माणूस फार वाद घालत नाही.

ओळीत त्यांना थांबामिस्त्री म्हणत. कारण दारात पाऊल टाकताच त्यांचा पहिला शब्द ठरलेला: "थांबा!" घरातलं कुणी मशीनचं झाकण उघडायला धावलं, की "थांबा! आधी सांगा." मग ते स्टुलावर बसणार, पिशवी मांडीवर, पिशवीची चेन बंद. कधीपासून? रात्री की दिवसा? त्या दिवशी घरात काय हललं, काय नवीन आलं? पाहुणे आले होते का? ही उलटतपासणी संपेपर्यंत स्क्रूड्रायव्हर बाहेर निघत नसे. "निम्मी मशीनं बोलण्यानंच दुरुस्त होतात," असं ते सांगत, आणि त्यात फुशारकी नव्हती.

आता तीन नंबरचंच बघा. गार हवा येते म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. मिस्त्रींनी रिमोट मागितला. त्यावर बर्फाच्या फुलाचं चित्र. घरातल्या आजीबाईंनी फूल दिसतंय छान म्हणून तेच बटण दाबलं होतं. पाच नंबरच्या बाईंनी बाहेरच्या मशीनमधून पांढरा धूर निघताना पाहिला आणि बादलीभर पाणी ओतून आग विझवली. आग कसली, मशीन आपल्या अंगावरचा बर्फ वितळवत होतं. "बाई, थंडीत त्याच्या अंगावर हिमाचा थर धरतो. अधूनमधून दहा मिनिटं थांबून ते तो झटकतं. ती वाफ असते. तेवढा वेळ आत ऊब येत नाही. दहा मिनिटं शाल घ्या आणि त्याला न्हाऊ द्या." आठ नंबरच्या फिल्टरमधून मांजराचे इतके केस निघाले, की एक धाकटं मांजर सहज झालं असतं.

आणि पोस्टमास्तर. ते बाहेर जाताना मशीन बंद करत आणि परत आले की एकदम तीसवर नेऊन ठेवत, लवकर तापावं म्हणून. मिस्त्रींनी त्यांना सांगितलं, "तीसवर ठेवलं म्हणून ते धावत नाही साहेब. आतला विजेचा हीटर पेटतो आणि मीटर धावतो. एकवीसवर ठेवा आणि विसरून जा." सांगितलं ते बरोबरच. फक्त सुनेसमोर सांगितलं. सून फिसकन हसली. पोस्टमास्तरांनी ते हसू जपून ठेवलं होतं.

यंदा थंडी सुरू व्हायच्या आधी मिस्त्रींनी बाराच्या बारा मशीनं नेहमीसारखी उघडली, धुतली, पुसली. मग लेकीच्या बाळंतपणासाठी दहा दिवस तिच्याकडे गेले. तिथून नातवाचा वास अंगाला घेऊन आनंदात परतले आणि ओळीच्या तोंडाशीच पिशवी हातातून गळाली.

प्रत्येक घराच्या बाहेर, मशीन असायचं तिथे, एक देखणी लाकडी पेटी उभी होती. गुळगुळीत, पॉलिश केलेली, चार स्क्रूंनी भिंतीला पक्की. पुढच्या बाजूला बारीक पट्ट्यांची जाळी. मागून, वरून, दोन्ही बाजूंनी गच्च बंद. सांधे असे, की मुंगीला आत जायचं तर अर्ज करावा लागला असता.

ही करामत ताईंची. ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण, ओळीच्या समितीच्या अध्यक्ष. आईच्या माघारी मिस्त्रींना तिनंच वाढवलेलं, त्यामुळे चोपन्नाव्या वर्षीही ते तिचे "धाकट्या"च. तिच्या मुलीचं लग्न झालेलं चार महिन्यांपूर्वी, जावई सुतार, हातात जादू. ताईंच्या मनानं घेतलं की मशीनं बिचारी थंडीत उघड्यावर कुडकुडतात आणि दिसतातही ओंगळ. जावयांनी बारा पेट्या करून दिल्या. ताईंच्याच सांगण्यावरून आतून फोमही लावला. पेटीत ऊब राहावी म्हणून!

मिस्त्री त्याच संध्याकाळी ताईंकडे गेले होते.

"ताई, अगं, ते मागून हवा ओढतं आणि पुढून फेकतं. पेटीत कोंडलं तर आपणच फेकलेली गार हवा पुन्हा ओढत बसेल. बर्फानं गच्च होईल."

"जाळी ठेवलीय की पुढे."

"तिथून बाहेर निघेल, आत कुठून येईल?"

"धाकट्या," ताई आवाज खाली आणत म्हणाल्या, म्हणजे प्रकरण गंभीर, "पोरगी नव्यानं नांदायला गेलीय. जावयांनी हौसेनं केलंय. आठ दिवस घाम गाळला. आणि तू त्यांच्या हाताला नाव ठेवणार? चारचौघांत?"

"हाताला नाही गं. पेटीला."

"एकच ते. माझी शपथ आहे, एक अवाक्षर काढायचं नाही."

आणि या गाढव माणसानं शपथ घेतली. दुसरा शब्दच नाही त्याला.

मग थंडी पडली. चौथ्या दिवशी पहिला फोन आला, आठवड्यात एकोणीस. मिस्त्री घरोघर जात, स्टुलावर बसत, विचारत, आणि "काय नवीन आलं?" या प्रश्नाशी येऊन गप्प होत. खिडकीतून समोर ती पेटी चकाकत असायची. फिल्टर पुन्हा धुवून द्यायचे, आतल्या मशीनच्या वाऱ्याच्या तोंडासमोरचा पडदा बाजूला सारायचे, पाण्याची नळी फुंकून मोकळी करायचे. सगळं ठीकच होतं, त्यांनीच तर केलेलं. मशीन मात्र आत कोमट हवा सोडायचं, दर अर्ध्या तासानं थांबून बर्फ झटकायला बघायचं, आणि विजेचा हीटर रात्रंदिवस पेटलेला. एकदा हळूच म्हणून पाहिलं, "पेटी जराशी सैल केली तर..." घरमालकच दचकला. "छे छे, ताईंच्या जावयांनी केलीय!"

आणि आता हा ग्रुपवरचा शिक्का. हलगर्जीपणा!

"जीभ काय गहाण टाकलीत?" बायकोनं विचारलं. ती तर मिस्त्रींपेक्षा जास्त तापली होती, घरात तेवढीच काय ती उष्णता. "वन्संना शपथ घालायला काय जातंय? नाव तुमचं जातंय! आज ही ओळ, उद्या पलीकडची. त्या पोस्टमास्तराला कोण विचारत होतं तिकिटं चिकटवायचं सोडून?"

मिस्त्री उठले, मफलर सोडला आणि तडक ताईंकडे गेले.

ताई पायांवर रजई घेऊन भाजी निवडत होत्या. "ये. बस. तू का असा तोंड फुगवून?"

"अंगठा का दिलास?"

"कसला?"

"पोस्टमास्तरच्या त्या मेसेजला. मी हलगर्जी आहे म्हणून."

"अय्या, मला वाटलं सभेची वेळ कळवलीय. अकरा बरी पडते मला."

"ताई! सव्वीस वर्षं मी या ओळीत एक स्क्रू वाकडा बसवला नाही!"

"ओरडू नकोस. कंपनीचा माणूस येईल, काहीतरी सांगेल, लोक गप्प होतील. तुला काय कामाला तोटा आहे? आणखी चार ओळी आहेत."

"तिथे काय सांगू? माझ्या सख्ख्या बहिणीच्या ओळीतून हाकललं म्हणून?"

"मग काय करू? जावयांना सांगू, तुमचं काम चुकलं म्हणून? त्यांच्या घरी काय वाटेल? माझ्या पोरीला ऐकून घ्यावं लागेल." आणि ताईंनी डोळ्याला पदर लावला. मिस्त्रींना कुठलंही मशीन दुरुस्त करता यायचं, पण ताईंच्या डोळ्यांतलं पाणी कुठल्या नळीतून गळतं ते कधी सापडलं नव्हतं.

ते बाहेर आले. संताप असा, की त्या गारठ्यात कानशिलं तापली. बहिणीवर संताप, पोस्टमास्तरवर संताप, सगळ्यात जास्त स्वतःवर. शपथ काय होती? एक अवाक्षर काढायचं नाही, चारचौघांत. चारचौघांत! मिस्त्री रस्त्यातच थबकले. एकट्या माणसाला सांगायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?

तो शनिवार होता. जावयांचं वर्कशॉप दोन रस्ते सोडून. आत लाकडाचा भुसा, गोंदाचा वास, भिंतीवर करवती मापानुसार टांगलेल्या. जावई रंधा मारत होते. मामेसासरे दारात दिसताच रंधा टाकून उभे राहिले.

"या मामा! बसा. चहा सांगू?"

"नको जावईबापू. तुमचं चालू द्या. छान... छान पॉलिश आहे हो."

"कशाचं?"

"आपलं... सगळ्याचंच."

असं दहा मिनिटं चाललं. मिस्त्रींनी शिसवीची चौकशी केली, सागवानाची केली, दाराच्या बिजागरीची केली. जावयांनी शेवटी हात पुसले. "मामा, तुम्ही बिजागरी विचारायला आला नाहीत."

"नाही."

"मग सांगा की."

आणि मिस्त्रींनी डोळे मिटून सांगून टाकलं. पेटी, फोम, बर्फ, एकोणीस फोन, हलगर्जीपणा. डोळे उघडले तेव्हा जावयांचा चेहरा लालबुंद झाला होता. संपलं, मिस्त्रींना वाटलं. भाचीचा संसार मोडला मी.

"मामा," जावई म्हणाले, "मी पहिल्या दिवशी सासूबाईंना विचारलं होतं. हे मशीन हवा कुठून घेतं? मला मामांशी बोलू द्या. म्हणाल्या, 'तो गावाला गेलाय, आणि तुम्ही मनाला येईल तसं करा, तुम्हाला कोण नाव ठेवणार!' म्हटलं, निदान आल्यावर तरी मामा सांगतील. तुम्हाला येऊन तीन आठवडे झाले!"

"अहो, शपथ..."

"कसली शपथ? मी काय काचेचं भांडं आहे? सासुरवाडीला गेलो की मला उशी देतात, माझ्याआधी कुणी घास घेत नाही, माझ्या विनोदाला हसतात. विनोद नसला तरी हसतात! चार महिन्यांत मला कुणी खरं असं एक वाक्य बोललं नाही. माझ्या उस्तादांनी माझी पहिली खुर्ची चुलीत घातली होती, सांधा चुकला म्हणून. तो मान होता! आणि इथे माझ्या पेट्यांनी बारा घरं गारठली तरी सगळे म्हणतात वा वा?"

 इतका गोड राग मिस्त्रींनी आयुष्यात ऐकला नव्हता.

"चला," जावयांनी पेटाऱ्यातून स्क्रूड्रायव्हर काढला, "तुमच्या घराचंच आधी दाखवा."

बारा नंबरच्या पेटीसमोर दोघे उकिडवे बसले. मिस्त्रींनी पतंगाच्या कागदाची पट्टी जाळीसमोर धरली. ती आधी बाहेर फडफडली, मग वळून जाळीच्या कडेला चिकटली, आत ओढल्यासारखी. "बघा. टाकलेलंच गिळतंय." जावयांनी दोन पट्ट्या आणखी मागून घेतल्या, वर धरल्या, कडेला धरल्या, सुतारासारखे एक डोळा मिटून बघत राहिले. मग मागची, वरची आणि बाजूच्या दोन्ही फळ्या स्वतःच्या हातांनी उतरवल्या. आत मशीनचा बर्फाचा ठोकळा झालेला. मिस्त्रींनी ते बंद केलं आणि कोमट पाण्याची झारी आणली. तासाभरानं घरात बायकोनं मफलर काढला आणि म्हणाली, "अगंबाई, जावई माणसात आले म्हणायचे."

रविवारी अकराला ओळ जमली ताईंच्या घरी, सगळे कोट-टोप्यांसकट. कंपनीच्या माणसानं बाहेरून पेटीच्या जाळीतून आत डोकावून पाहिलं, स्क्रूला हातसुद्धा लावला नाही, आणि निकाल दिला. "गॅस कमी झाला असणार. सर्व्हिसिंगमध्ये गळती झाली असेल. नाहीतर मशीनं बदलावी लागतील."

"बाराच्या बारांचा गॅस एकाच आठवड्यात?" मिस्त्री ओरडले. "आधी दाब तरी मोजा! काही विचारलंत? काही उघडलंत?"

"आता प्रस्तावाकडे वळू," पोस्टमास्तर घसा खाकरून म्हणाले.

"त्याआधी मी वळतो," असं म्हणत जावई आत आले. हातात स्क्रूड्रायव्हर. ताई लगबगीनं उशी घेऊन उठल्या. "नको सासूबाई, उशी नको. पेट्या मी केल्या आहेत. त्या चुकल्या आहेत. मशीनचा श्वास कोंडलाय. मामांचं काम चोख होतं. चला बाहेर, दाखवतो."

ताईंच्या चेहऱ्यावर इतके रंग आले नि गेले, की सांगता सोय नाही. बाहेर फळ्या उतरल्या. फोमसकट बर्फाची लादी निघाली, हातभर जाड. पोस्टमास्तरांना कर्तृत्व दाखवायची हुक्की आली. स्वयंपाकघरातून सुरी आणून ते बर्फ फोडायला सरसावले. मिस्त्रींनी मनगटच धरलं. "थांबा! आत पातळ नळ्या आहेत. एक जरी फुटली, तर आता गॅस खरोखर जाईल. आणि या खेपेला हलगर्जी कोण ते लिहायला मी मोकळा!"

कोमट पाणी ओतलं, वाट पाहिली, मशीन चालू केलं. सगळे आत येऊन वाऱ्याच्या तोंडाखाली उभे राहिले. हळूहळू एकेकाची बटणं सुटू लागली. तीन नंबरच्या आजीबाई हात वर करून म्हणाल्या, "आली हो आली!" आणि पोस्टमास्तरांनी मोठ्या मनानं जाहीर केलं, "वा! मिस्त्रींनी दुरुस्त करून दाखवलं. झालं गेलं विसरू या."

इथे मिस्त्रींचा बांध फुटला.

"मी काहीही दुरुस्त केलेलं नाही! कारण मी काही बिघडवलंच नव्हतं! विसरायचं काय? दोन आठवडे माझ्या नावानं बोटं मोडलीत. सात जणांनी अंगठे दिले. एकानं तरी विचारलं का, काय हो, तुमची बाजू काय? मी तुमच्या दारात आलो तर आधी ऐकून घेतो, मशीनचं सुद्धा! तुम्ही माणसाचं ऐकलं नाहीत. पोस्टमास्तर, मोबाइल काढा."

"अहो, पण..."

"काढा. लिहा. त्याच ग्रुपवर."

पोस्टमास्तर लिहू लागले. "'मिस्त्रींबाबत काही गैरसमज...'"

"गैरसमज नाही. आरोप केला होता, आरोप लिहा. 'आरोप खोटा होता. सर्व्हिसिंगमध्ये चूक नव्हती. पेट्यांनी हवा कोंडली होती.'"

"आणि पेट्या माझ्या, तेही लिहा," जावई म्हणाले. "नव्या करतो. तिन्ही बाजूंनी हातभर मोकळ्या, वरून उघड्या. मामा पास करतील तरच बसवीन."

लिहून झालं. कंपनीचा माणूस मध्येच कधी सटकला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक मिस्त्रींच्या पाठीवर हात ठेवत, लाजत, आपापल्या पेट्या उघडायला पांगले. मागे ताई उरल्या.

"मला आधी सांगायचं होतंस, धाकट्या."

"सांगितलं होतं!"

"असं पुटपुटून नाही. आज ओरडलास तसं सांगायचं."

 या बाईपुढे बोलणं म्हणजे भिंतीचं सर्व्हिसिंग करणं. ताई मात्र जावयांकडे वळल्या होत्या, जरा बिचकत. "मग तुम्हाला माझी परवाची भाजीसुद्धा..."

"खारट होती," जावई म्हणाले.

 ताई एकाएकी खळखळून हसल्या, आणि मिस्त्री तिथून निघाले, कारण त्यांना अजिबात हसायचं नव्हतं.

घरी ऊब होती. बायकोनं ताट वाढलं होतं आणि ग्रुपवरचं सगळं वाचूनही झालं होतं.

"झालं ना मनासारखं? नाव धुऊन निघालं."

"निघालं. पण राग गेलेला नाही."

"मग बसा जेवायला," ती म्हणाली. "उपाशीपोटी कसला रागावता? पोटभर खा आणि मग सावकाश रागवा."